चिडका बाबा

आम्ही इंदूरचे. मुलाचा क्लास भंवरकुआंला, घर रामबागेत. क्लास साडेआठला सुटतो, म्हणजे ट्रॅफिक धरून नऊपर्यंत तो घरी हवा. नऊ दहाला मी गॅलरीत, सव्वानऊला जिन्यात. साडेनऊपर्यंत माझ्या डोक्यात त्याचा अपघात होऊन गेलेला असायचा. कुठल्या दवाखान्यात नेलं असेल, पहिला फोन कोणाला, आईला कसं सांगायचं, सगळं ठरलेलं. मग फाटक वाजायचं. पोरगा धडधाकट, हातात कचोरीचा कागद. आणि मी त्याच्यावर ओरडायचो.

अशी पाच-सहा वर्षं गेली. घरात माझं नावच 'चिडका' पडलं.

एंग्झायटी म्हटलं की लोकांना घाबरून कोपऱ्यात बसलेला माणूस आठवतो. आमच्यासारख्या घरांत पुरुषाला 'भीती वाटते' म्हणायची सोय नाही, ओरडायची मात्र आहे. त्यामुळे माझी भीती कोणाला दिसलीच नाही. मलाही नाही.

एका रात्री छाती धडधडायला लागली, हात बधिर, आता संपलंच असं वाटलं. इमर्जन्सीत ईसीजी काढला, नॉर्मल. ड्यूटीवरचा डॉक्टर म्हणाला, "गैस है, भिया." सकाळी पोह्यांवर मूठभर सेव घेणाऱ्या इंदूरकराला हे निदान केव्हाही लागू पडतं! बायकोने हुश्श केलं. मला मात्र लाज वाटली. थोडं काहीतरी निघायला हवं होतं, असंसुद्धा मनात आलं. रिपोर्टमध्ये न दिसणाऱ्या आजाराची सुट्टी ऑफिसात कशी मागणार?

शेवटी बायकोने मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. तिथे कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून गाडी दोन गल्ल्या सोडून लावली होती. डॉक्टरांनी आधी थायरॉइड तपासायला सांगितलं. मग एंग्झायटीची लक्षणं वाचून दाखवली: सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी. झोप नाही. खांदे आखडलेले. चिडचिड. "चिडचिडपण?" मी दोनदा विचारलं. इतकी वर्षं मी ते स्वभावाच्या खात्यात टाकलं होतं.

गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, पहिले काही दिवस अस्वस्थपणा वाढूही शकतो. हे आधी सांगितलं म्हणून बरं, नाहीतर मी तिसऱ्या दिवशीच सोडली असती. आईचं चालूच होतं, "झोपेच्या गोळ्यांची सवय लागेल रे." आई, त्या झोपेच्या नाहीत. पण मनाने एकदम बंदही करायच्या नाहीत.

गोळीपेक्षा अवघड गेलं ते फोन न करणं. 'पोचलास का?' विचारलं की दोन मिनिटं बरं वाटतं, आणि तेवढ्यासाठी मन पुढच्या वेळी पुन्हा फोन मागतं. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं थांबा, मग पंधरा. ती दहा मिनिटं काय असतात ते ज्याचं त्याला माहीत.

त्याच काळात मुलाने एक गोष्ट कबूल केली. क्लासला पोचायच्या आधीच, वाटेत सिग्नलला उभा असतानाच तो 'पोचलो' टाइप करून टाकायचा. "तुम्ही शांत राहावं म्हणून, बाबा." माझ्या काळजीपायी पोरगा भर रस्त्यात मोबाइल हातात घेत होता. त्या रात्री मी जेवलो नाही. सगळं घर माझ्या भीतीच्या वेळापत्रकावर चाललं होतं, आणि मी समजत होतो की त्यांची काळजी मी घेतोय.

ज्यांना गाडी दोन गल्ल्या सोडून लावणंही जमत नाही, त्यांच्यासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. २०२२ पासून चालू आहे, मला मात्र फार उशिरा कळला.

यंदा अनंत चतुर्दशीला पोरगा मित्रांबरोबर झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे, बघायला गेला. त्या रात्रभर चालतात, तुम्हाला माहीतच आहे. मी मोबाइल बायकोच्या उशीखाली ठेवून दिला. झोप अर्थातच लागली नाही. पहाटे साडेचारला फाटक वाजलं. दार उघडून विचारलं, "काही खाल्लंस का?"

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, पुढचं वाक्य यायची वाट बघत. माझे हात पाठीमागे होते, कारण ते थरथरत होते.