‘ब्रोकन ॲरो’ थापा मारतो, पण त्या मेसेजने पकडल्या त्या नव्हेत

नागपुरातल्या सिनेमावेड्यांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो आहे. विषय जॉन वू यांचा 1996 चा ‘ब्रोकन ॲरो’. जॉन ट्रव्होल्टाने दोन अणुबॉम्ब पळवायचे आणि ख्रिश्चन स्लेटरने त्याच्यामागे धावायचं, तोच सिनेमा. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: अणुबॉम्ब हरवूच शकत नाही, त्यामुळे गोष्टीचा पायाच खोटा. बॉम्बच्या आसपास एवढ्या गोळ्या झाडल्यावर अख्खं राज्य उडायला हवं होतं. बॉम्बला हात लावणारा तासाभरात मेला असता. कोडचं कुलूप म्हणजे नुसतं नाटक, ते कुणीही उघडेल. सिनेमातली एकच गोष्ट शास्त्रशुद्ध, ती म्हणजे बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीत बॉम्ब फुटला म्हणून वरचे सगळे वाचले आणि विद्युतचुंबकीय झटक्याने हेलिकॉप्टर पडलं. शेवटी पुरवणी जोडलेली: ‘आपल्या सावनेरच्या खाणीत फोडला तरी नागपूरला कळणार नाही.’

सिनेमात थापा आहेतच, भरपूर आहेत. पण मेसेजने ज्याला खोटं म्हटलं त्यातलं बरंचसं खरं आहे, आणि ‘शास्त्रशुद्ध’चा शिक्का जिथे मारला तिथेच सिनेमाने सगळ्यात मोठी थाप मारली आहे.

‘अणुबॉम्ब हरवूच शकत नाही’

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने स्वतःच 1950 ते 1980 या काळातल्या 32 अण्वस्त्र-अपघातांची यादी जाहीर केलेली आहे. 5 फेब्रुवारी 1958 ला जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराजवळ हवेत टक्कर झालेल्या एका बॉम्बर विमानाने आपला बॉम्ब समुद्रात सोडून दिला. सुमारे साडेतीन टनांचं धूड, पण आजपर्यंत सापडलेलं नाही. 5 डिसेंबर 1965 ला ‘टिकॉन्डेरोगा’ या विमानवाहू जहाजाच्या कडेवरून एक स्कायहॉक विमान घरंगळून समुद्रात गेलं. वैमानिक, विमान आणि त्याखालचा अणुबॉम्ब तिन्ही सुमारे 4,900 मीटर खोल पाण्यात आहेत.

हे जुन्या काळातलं झालं म्हणाल, तर 2007 चं घ्या. नॉर्थ डकोटातल्या मायनॉट हवाई तळावरून निवृत्त होणारी क्रूझ क्षेपणास्त्रं लुइझियानातल्या बार्क्सडेल तळावर न्यायची होती. बी-52 या बॉम्बर विमानाच्या प्रत्येक पंखाखाली एक पायलॉन, म्हणजे टांगायचा सांगाडा, आणि त्याला सहा क्षेपणास्त्रं. बाराच्या बाराही क्षेपणास्त्रांत अण्वस्त्राऐवजी वजनाला नकली भाग असायला हवा होता. 29 ऑगस्टला शेडमधून दोन पायलॉन बाहेर काढले, त्यातला एक चुकीचा. त्या सहांत खरी अण्वस्त्रं होती. क्षेपणास्त्राच्या अंगावर एक छोटी काचेची खिडकी असते. टॉर्च मारून आत पाहायचं, खरं की नकली ते दिसतं. शेडमध्ये ते कुणी पाहिलं नाही. ओढणाऱ्या गाडीवाल्यांनी पाहिलं नाही. विमानातल्या ज्या अधिकाऱ्याने पाहिलं, त्याने एकाच पंखाखाली पाहिलं, आणि नेमकी तीच बाजू नकली होती. विमान रात्रभर साध्या पहाऱ्यात उभं राहिलं, 30 तारखेला उडालं, उतरलं, आणि संध्याकाळी बार्क्सडेलच्या लोकांच्या लक्षात येईपर्यंत सुमारे 36 तास सहा अण्वस्त्रं कुणाच्या हिशेबातच नव्हती. मायनॉटला तोवर ती गेल्याचा पत्ताही नव्हता. रेल्वेत चुकीच्या गाडीत पार्सल चढावं, तितकी साधी चूक. ज्या तळावर हे होऊ शकतं तिथे एखाद्या आतल्या माणसाने ठरवून काही केलं तर काय, हाच प्रश्न सिनेमा विचारतो, आणि तो प्रश्न पोकळ नाही.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. हरवणं वेगळं आणि चोरी वेगळी. तयार अणुबॉम्ब कुणी पळवून नेल्याची जाहीर नोंद नाही. अमेरिकी लष्कराची भाषाही हा फरक करते. ‘ब्रोकन ॲरो’, मोडलेला बाण, म्हणजे अण्वस्त्राचा अपघात. चोरी झाली तर शब्द ‘एम्प्टी क्विव्हर’, रिकामा भाता. मायनॉटचा प्रकार त्याहून खालच्या पायरीचा, ‘बेंट स्पिअर’, वाकलेला भाला. म्हणजे सिनेमात अपघाताचा बनाव टिकून आहे तोवर नाव बरोबर, आणि चोरी उघड झाल्या क्षणापासून नाव चुकीचं. ही चूक मेसेजवाल्यांच्या नजरेतून सुटली, याचं जरा वाईट वाटतं.

‘गोळी लागली की राज्य उडालं’

उमरेड किंवा गोंडेगावच्या खुल्या कोळसा खाणीत ब्लास्टिंग करणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मोठ्या सुरुंगातलं स्फोटक नुसत्या दणक्याने फुटत नाही. त्याला डिटोनेटर लागतो, बूस्टर लागतो, आणि सगळी भोकं ठरल्या क्रमाने उडाली तरच दगड हवा तसा फुटतो. क्रम चुकला की आवाज भरपूर आणि काम शून्य.

अणुबॉम्बची गत याच्या कैक पट नाजूक. प्लुटोनियमच्या गाभ्याभोवती साधं रासायनिक स्फोटक असतं, आणि ते सगळीकडून एकाच वेळी, अतिशय अचूक उडालं तरच गाभा एकसारखा दाबला जाऊन अणुस्फोट होतो. गोळी एका जागी लागते. तिथलं स्फोटक समजा उडालंच, तरी गाभा एका बाजूने चिरडून विखुरतो. अमेरिकेत यासाठी मोजमापाची अटच आहे: स्फोटक कुठल्याही एका बिंदूपासून उडालं, तरी चार पौंड टीएनटीपेक्षा जास्त अणुऊर्जा बाहेर पडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी असली पाहिजे. सिनेमातले बॉम्ब बी-83 जातीचे आहेत. खऱ्या बी-83 मध्ये तर स्फोटकही मुद्दाम मंद जातीचं वापरलेलं आहे, जे आगीला आणि दणक्याला सहजासहजी दाद देत नाही.

याची परीक्षा प्रत्यक्षात झालेली आहे. 17 जानेवारी 1966 ला स्पेनमधल्या पालोमारेस गावावर बी-52 आणि इंधन भरणारं विमान हवेत धडकलं. चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले. दोघांचं रासायनिक स्फोटक जमिनीवर आपटून उडालं, अणुस्फोट एकाचाही झाला नाही. पण प्लुटोनियमची धूळ शेतांवर पसरली आणि हजारांहून जास्त टन माती खरवडून अमेरिकेला न्यावी लागली. चौथा बॉम्ब समुद्रात पडला होता. तो कुठे पडला हे एका मच्छीमाराने दाखवलं, ‘ॲल्व्हिन’ पाणबुडीने तो शोधला, आणि सुमारे 80 दिवसांनी साडेआठशे मीटर खोलीवरून तो वर आला. म्हणजे गोळीबाराचा खरा धोका धुळीचा आहे. सिनेमाला तो दाखवता आला असता, पण धूळ पडद्यावर दिसत नाही.

सुरक्षेची ही सगळी व्यवस्था पहिल्यापासून एवढी भक्कम होती असं मात्र नाही. 24 जानेवारी 1961 ला नॉर्थ कॅरोलिनातल्या गोल्ड्सबरोवर तुटलेल्या विमानातून पडलेल्या दोन बॉम्बपैकी एकाचं पॅराशूट उघडलं आणि बॉम्बने स्फोटाच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या ओलांडल्या. शेवटी अडवलं ते एका साध्या, कमी व्होल्टेजच्या स्विचने. मेसेजला घाबरवायचंच होतं, तर गोळीऐवजी हे उदाहरण द्यायला हवं होतं.

‘हात लावला की मेला’

यात दम नाही. प्लुटोनियम-239 मधून निघणारे अल्फा कण कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातच अडतात, आणि बॉम्बला तर वरून धातूचं जाड कवच असतं. हा धातू घातक होतो तो श्वासातून धूळ आत गेली तर, किंवा गाभ्यात साखळी-अभिक्रिया सुरू झाली तर. अमेरिकेच्या लॉस अलामोस अण्वस्त्र प्रयोगशाळेत 21 मे 1946 ला शास्त्रज्ञ लुई स्लॉटिन यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर निसटला, गाभ्यावरचं धातूचं अर्धगोल झाकण खाली बसलं, निळा प्रकाश चमकला आणि नवव्या दिवशी ते गेले. त्याआधी त्याच प्रयोगशाळेत लोक असे गाभे हाताळतच होते.

‘कोडचं कुलूप म्हणजे नाटक’

हा भाग पसरतो तो आठ शून्यांच्या गोष्टीमुळे. अमेरिकेच्या मिनिटमन या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांचा कोड वर्षानुवर्षं नुसता शून्यांचा होता, असं माजी प्रक्षेपण अधिकारी ब्रूस ब्लेअर यांनी लिहिलं होतं. अमेरिकी हवाई दलाने ते नाकारलं. वाद कुणाच्याही बाजूने सुटो, तो तळावरून डागायच्या क्षेपणास्त्रांचा होता, विमानातल्या बॉम्बचा नाही. बॉम्बमधली कुलुपं बसवायचा आदेश राष्ट्राध्यक्ष केनेडींनी जून 1962 मध्ये काढला. पुढच्या पिढ्यांत ठरावीक वेळा चुकीचा आकडा घातला की बॉम्ब स्वतःला कुलूपबंद करून घेतो आणि मग तो कारखान्यातच परत न्यावा लागतो. कुलूप वरच्या पॅनेलमध्ये नसून आत खोलवर असतं. ते बॅगेच्या कुलपासारखं नसतं.

‘खाणीतला स्फोट आणि पडलेलं हेलिकॉप्टर’

आता ज्याचं कौतुक झालं ते बघू. आधी हेलिकॉप्टर. दूरवरची उपकरणं जाळणारा विद्युतचुंबकीय झटका तयार होतो तो उंचावरच्या स्फोटातून. गॅमा किरण विरळ हवेच्या थरावर आदळतात, इलेक्ट्रॉन सुटतात, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वळतात आणि त्यातून झटका खाली येतो. 9 जुलै 1962 ला ‘स्टारफिश प्राइम’ चाचणीत 1.4 मेगाटनचा (म्हणजे 14 लाख टन टीएनटीइतक्या ताकदीचा) बॉम्ब पॅसिफिकवर 400 किलोमीटर उंचीवर फोडला, तेव्हा सुमारे 1,450 किलोमीटरवरच्या होनोलुलूत रस्त्यावरचे काही दिवे गेले. जमिनीखाली हेच गॅमा किरण पहिल्या काही मीटर दगडातच जिरतात. ना विरळ हवा, ना पसरायला जागा. खोल खाणीतल्या स्फोटाने वर उडणारं हेलिकॉप्टर बंद पडत नाही. आणि इंजिन बंद पडलंच, तरी हेलिकॉप्टर दगडासारखं कोसळत नाही. पात्यांचा कोन लगेच कमी केला तर खालून येणारी हवाच पाती फिरवत ठेवते आणि वैमानिक उतरू शकतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात, आणि शिकाऊ वैमानिकाला ते करूनच दाखवावं लागतं.

आता खाण. सुरुंगाच्या भोकात स्फोटक भरल्यावर वरचा भाग ड्रिलच्या चुऱ्याने किंवा मातीने ठासतात. त्याला स्टेमिंग म्हणतात. ठासणी कमी पडली की जोर दगडात न जाता भोकातून वर निघतो आणि दगड उडून शेजारच्या वस्तीपर्यंत जातात. भूमिगत अणुचाचणीचा नियमही हाच, फक्त आकडे मोठे. त्यासाठी मुद्दाम खोदलेला एकच शाफ्ट असतो आणि बॉम्ब तळाशी ठेवल्यावर तो वाळू, खडी आणि मध्ये मध्ये पक्क्या बुचांनी वरपर्यंत भरतात. 1974 ला पोखरणचा बॉम्ब 107 मीटर खाली होता, शाफ्ट असाच बंद केलेला. बंद पडलेल्या खाणीत काय असतं? उघडे शाफ्ट, हवेसाठीच्या वाटा, एकमेकांना जोडलेले बोगदे. ठासणी नसलेलं भोक, तेही एक नाही, दहा.

खोलीचा हिशेब बघा. अमेरिकेत साधारण अंदाज असा होता की किलोटनच्या आकड्याचं घनमूळ काढायचं आणि त्याला सुमारे 120 मीटरने गुणायचं. तेवढ्या खोलीवर स्फोट आत राहतो. खऱ्या बी-83 ची कमाल ताकद 1.2 मेगाटन, म्हणजे 1,200 किलोटन. त्याचं घनमूळ 10.6, म्हणजे जवळजवळ 1,275 मीटर. आपल्या सावनेर-कामठी पट्ट्यातल्या भूमिगत खाणी काही शे मीटरच्या आतल्या. 1962 च्या ‘सेडान’ चाचणीत 104 किलोटनचा बॉम्ब 194 मीटर खाली फोडला होता, कारण खड्डाच पाडायचा होता. खड्डा पडला सुमारे 390 मीटर रुंद आणि 100 मीटर खोल. हाच हिशेब 1,200 किलोटनला लावला तर सव्वाचारशे मीटरच्या आसपासची खोलीसुद्धा खड्डा पाडायचीच खोली ठरते. बी-83 ची ताकद कमी करून ठेवता येते, हे खरं. पण ‘सेडान’चा आकडा बी-83 च्या कमाल ताकदीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमीच होता.

शिवाय खोली पुरली म्हणून भागत नाही. 18 डिसेंबर 1970 ला नेवाडात ‘बेनबेरी’ चाचणी झाली. बॉम्ब फक्त 10 किलोटन, खोली 278 मीटर, म्हणजे हिशेबाने पुरून उरेल एवढी. साडेतीन मिनिटांनी जमिनीला भेग पडली आणि किरणोत्सर्गी ढग तीन किलोमीटर उंच गेला. 86 कामगारांना त्याची बाधा झाली. कारण निघालं ते पाण्याने भरलेल्या चिकणमातीचं. सुका खडक स्फोटाभोवती दाबला जाऊन आवळून बसतो आणि वायू आत कोंडतो. ओल्या मातीला तशी पकड नसते, आणि पाण्याची वाफ आतला दाब वाढवते. सावनेर-कामठी भागातल्या खाणींतून पाणी किती उपसावं लागतं, हे तिथे काम करणाऱ्यांना विचारा. पाटणसावंगीला खाणीतल्या पाण्यापासून ‘कोल नीर’ नावाने बाटलीबंद पाणी तयार होतं, ते उगाच नाही.

राहिली ‘नागपूरला कळणार नाही’ ही पुरवणी. 26 एप्रिल 1968 ला नेवाडात ‘बॉक्सकार’ चाचणी झाली, 1.3 मेगाटनची, म्हणजे बी-83 च्या जवळपासची, आणि खोली सुमारे 1,160 मीटर. सगळं नीट पार पडलं, जमीन फुटली नाही. तरीही 170 किलोमीटरच्या आसपास असलेल्या लास व्हेगासमधल्या उंच इमारती हलल्या. तिथल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर राहणारे अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज ही चाचणी थांबवायला आधीपासून धडपडत होते, पण जमलं नाही. सावनेर ते नागपूरचा झिरो माइल चाळीस किलोमीटरसुद्धा धड भरत नाही.