भोजनदालनाला रंगाचे तीन हात

आपल्या ताब्यात एखादे ऐतिहासिक भोजनदालन आले असेल, मग ते वारशाने आलेले असो, विश्वस्त मंडळाच्या ठरावाने आलेले असो किंवा किल्ल्यांचा जुडगा आपल्याकडेच राहून गेल्यामुळे आलेले असो, तर प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. दीडशे वर्षे एक खोली जशीच्या तशी उभी राहते आणि तिला सुधारण्याची कोणालाही इच्छा होत नाही, ही लाजिरवाणी स्थिती आता आपल्या हस्ते संपणार आहे. हे कार्य निर्विघ्न पार पडावे म्हणून, गेल्या महिन्यात मी स्वतः हजेरी लावलेल्या अशाच एका जतनसोहळ्याच्या अनुभवावरून काही नम्र सूचना पुढे करत आहे. त्या दालनाचे नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले की चर्चा दालनाची न होता माझ्या हेतूची होते. ते दालन मी वीस वर्षे ओळखत होतो, एवढे सांगितले तरी पुरे. निमंत्रणपत्रिकेवर ‘मूळ वैभव पुन्हा साकार’ असे उठावदार अक्षरांत छापले होते, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

पहिली सूचना अशी की, मूळ रंग कोणता होता या प्रश्नाच्या वाटेला जाऊ नये. काही रिकामटेकडे लोक यासाठी भिंतीच्या आडोशाच्या कोपऱ्यातून नखाएवढा पोपडा शस्त्रक्रियेच्या सुरीने अलगद काढतात, तो राळेत बसवून आडवा कापतात, सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि एकावर एक चढलेले रंगाचे थर खालून वर मोजत बसतात. या उपद्व्यापातून काय निष्पन्न होते ते पाहा. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या मॉन्टिसेलो येथील घराचे भोजनदालन कित्येक वर्षे सौम्य निळ्या रंगात सुखाने नांदत होते. थर तपासल्यावर असे निघाले की, जेफरसन यांनी स्वतः तिथे क्रोम यलो हा त्या काळी नव्याने मिळू लागलेला झगझगीत रंग लावून घेतला होता, आणि मग २०१० साली त्या भिंती पुन्हा पिवळ्याधमक करणे भाग पडले. पूर्वजांची अभिरुची आपल्याइतकी शालीन नव्हती, हे कळून कोणाचे भले झाले? त्यापेक्षा क्रीम रंग केव्हाही चांगला. तो कोणत्याही शतकाला चालतो आणि त्याला पुरावा लागत नाही. माझ्या ओळखीच्या त्या दालनातला गडद हिरवा रंगही असाच क्रीम झाला आहे. सोहळ्यात मी देखरेख करणाऱ्या गृहस्थांना विचारले, “आधी इथे कोणता रंग होता?” ते क्षणभरही न अडखळता म्हणाले, “जुना.”

रंगकाम म्हटले की पूर्वतयारी आलीच, आणि तीत कोणतीही कुचराई करू नये. आधी पॉलिशपेपरने भिंत घासून काढावी, म्हणजे सूक्ष्मदर्शकवाल्यांचे काम कायमचे मिटते. मग पुट्टी भरावी, प्रायमर मारावा आणि त्यावर प्लॅस्टिक इमल्शनचे तीन हात द्यावेत. चुन्याची भिंत ओल शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की ती बाहेर सोडते, हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होते. पण गवंडी जुने असल्यामुळे त्यांचे ऐकण्याचे कारण नाही. प्लॅस्टिकचा पापुद्रा चढला की ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागापाशी साचतात, भिंतीला लोणा लागतो आणि थोड्याच वर्षांत नवा रंग जुन्या गिलाव्याचा हात धरूनच खाली येतो. तोवर आपला कार्यकाळ संपलेला असतो. छताच्या कडेने गचकामात, म्हणजे गिलाव्याच्या उठावदार नक्षीत, द्राक्षाची वेल असेल, तर तिलाही पुट्टी चुकवू नये. त्या दालनात दारावरच्या चौकटीपाशी ही वेल हाताला लागेल इतकी खाली येते, त्यामुळे मला शिडी मागावी लागली नाही. तिथल्या घडातल्या प्रत्येक मण्याखाली कारागिराने कोरणीच्या टोकाने चंद्रकोरीएवढी रेघ ओढून ठेवली होती. संध्याकाळी दिवे लागले की त्या रेघेत सावली बसायची आणि प्रत्येक मणी घडापासून सुटा दिसायचा. आता त्या रेघेत पुट्टी बसली आहे. सतरा मण्यांच्या घडाचा एक सोनेरी बटाटा झाला आहे. शेजारी वेलीवर चोच टेकवून बसलेला एक पक्षी आहे. त्याच्या डोळ्याच्या जागी टोचलेले भोक बुजले असून तो आता आंधळ्यासारखा द्राक्षे चाचपत बसलेला दिसतो.

आणि ते सोने! खरे वर्खकाम कसे होते, ते थोडक्यात सांगतो. लाकडावर किंवा गचावर आधी खडू आणि सरसाचे थर द्यायचे, त्यावर तांबूस मातीचा लेप चढवायचा, मग मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाइतका पातळ सोन्याचा वर्ख श्वास रोखून ठेवायचा आणि तो बसल्यावर उंचवट्यांवर अकीकाच्या दगडाने घोटायचा, म्हणजे घोटलेला भाग चमकतो, न घोटलेला मंद राहतो आणि मेणबत्तीच्या उजेडात वेल हलल्याचा भास होतो. हे सोने काळवंडत नाही. त्यावर काजळी आणि धूळ बसलेली असते, ती निघू शकते. पण एवढे ऐकून घ्यायला वेळ कोणाला आहे? बाजारात सोनेरी रंगाचा डबा मिळतो. त्यात सोने नसते, तांबे आणि जस्त यांची भुकटी असते, ती हवेत हळूहळू तपकिरी पडते, आणि एकदा ती खऱ्या वर्खावर फासली की खाली शाबूत असलेले सोने तिच्यासह खरवडल्याशिवाय काढणे जवळजवळ अशक्य होते. म्हणजे वर खोटे सोने काळे पडणार आणि खाली खरे सोने गाडलेले राहणार, आणि या सगळ्याला आपण जतन म्हणणार! हा डबा उघडताना त्या खोलीतल्या एकालाही कसे वाटले नाही की, आधी बोटाच्या पेरावर थुंकी लावून एक पान पुसून पाहावे आणि खाली काय आहे ते बघावे? मी त्या घडाला बोट लावले आणि बोटाला सोनेरी लागले. समारंभ संपेपर्यंत मी ती मूठ झाकून होतो आणि कोणाशी हस्तांदोलन केले नाही.

क्षमा असावी. सूचनांकडे वळतो.

डब्यातून वाचलेले वर्खकाम कुठे सापडलेच, तर ते ओल्या फडक्याने खसाखसा पुसावे, कारण पाण्याने लेप ओलावून बसवलेला वर्ख पाण्याने निघतोही.

छतावर चित्रे असतील तर फॉल्स सीलिंग करून घ्यावे.

भिंतींवर चामड्याचे, रेशमाचे किंवा हाताने रंगवलेल्या कागदाचे आच्छादन असेल, तर ऊन भरपूर आत येऊ द्यावे. संग्रहालयांमध्ये अशा वस्तूंवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक उजेड पडू देत नाहीत, कारण उजेडाने होणारी हानी साठत जाते आणि उडालेला रंग अंधारात परत येत नाही. परंतु छायाचित्रे अंधारात चांगली येत नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवे.

सोय आधी आणि सजावट नंतर, हा क्रम कधीही मोडू नये. या बाबतीत मिलान येथील सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाचा आदर्श समोर ठेवण्यासारखा आहे. तिथल्या साधूंच्या भोजनगृहाच्या भिंतीवर लिओनार्दो दा विंची यांनी १४९८ च्या सुमारास ‘अंतिम भोजन’ पूर्ण केले. १६५२ साली त्याच भिंतीतले दार मोठे करणे सोयीचे वाटले, आणि त्या दारात चित्रातल्या येशूचे पाय गेले. येण्याजाण्याची अडचण तरी दूर झाली. पुढे या चित्राला सुधारणारेही उदंड लाभले. १७२६ मध्ये बेलोत्ती यांनी ते भरपूर रंगवून काढले, १७७० मध्ये माझ्झा यांनी आधीचे रंग खरवडून स्वतःचे भरले, १८२१ मध्ये बारेझ्झी यांनी हे ओल्या गिलाव्यावरचे भित्तिचित्र आहे असे समजून ते भिंतीवरून सोलून घेण्याचा प्रयत्न केला, आणि ते तसे नाही हे कळेपर्यंत जे निघाले ते सरसाने पुन्हा चिकटवण्याची धडपड केली. या सगळ्यांचे हात धुऊन काढून खालचे मूळ रंग शोधायला विसाव्या शतकात वीस वर्षांहून अधिक काळ लागला आणि ते काम १९९९ साली संपले. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात त्या दालनाचा बराच भाग कोसळला, तरी वाळूच्या पोत्यांच्या आधाराने ती भिंत मात्र उभी राहिली. बॉम्बला जे जमले नाही ते हौशी माणसांना थोडेबहुत जमले, याची नोंद घ्यावी.

भिंतीवरचे चित्र हलवता येण्यासारखे असेल, तर ते दुसरीकडे नेणे हाही उपाय आहे. व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे या मठातील भोजनगृहासाठी चित्रकार व्हेरोनेसे यांनी १५६३ साली रंगवलेले बायबलमधल्या काना येथील विवाहभोजनाचे अवाढव्य चित्र नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये उतरवले आणि ते आजही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. भोजनगृहाला २००७ साली त्याची हुबेहूब प्रतिकृती मिळाली. मध्ये दोनशे दहा वर्षे गेली, एवढेच.

विजेची आणि ज्योतीची कामे शेवटच्या दिवसांत, घाईघाईने आणि देखरेखीशिवाय उरकावीत. इंग्लंडमधील अपपार्क या वाड्याच्या छपराची दुरुस्ती संपत आली असताना, ३० ऑगस्ट १९८९ रोजी, शिशाचे पत्रे जोडणाऱ्या ज्योतीनेच आग लागली. विंझरच्या किल्ल्यात २० नोव्हेंबर १९९२ रोजी एका दिव्याची आच पडद्याला लागली आणि राजघराण्याचे भोजनदालन जळून गेले. ते पुन्हा उभे करायला पाच वर्षे लागली. माझ्या ओळखीच्या दालनात सोहळ्याच्या आदल्या रात्रीपर्यंत वायरी ओढणे चालू होते आणि एक जोडणी लाकडी पॅनेलमागे उघडीच राहिली आहे, हे मला तिथल्याच एका वायरमनने हळू आवाजात सांगितले. त्याला ते सांगावेसे वाटले, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

‘सजावट मालकाला आवडत नसेल तर?’ असा प्रश्न कोणी विचारील. त्यासाठी लंडनच्या फ्रेडरिक लेलँड यांचे उदाहरण देतो, आणि इथून पुढे मला उपरोध जमेल असे वाटत नाही. लेलँड हे जहाजांचे मालक होते. त्यांच्या भोजनदालनाच्या भिंतींवर जुने उठावदार चामडे होते आणि चिनी मातीची निळी-पांढरी भांडी मांडण्यासाठी वास्तुकार जेकिल यांनी तिथे अक्रोडी लाकडाची नाजूक कपाटे उभी केली होती. १८७६ साली लेलँड लिव्हरपूलला असताना चित्रकार व्हिसलर यांनी ते सगळे चामडे निळ्या-हिरव्या रंगाने झाकून टाकले, कपाटांना सोनेरी केले आणि खिडक्यांच्या झडपांवर मोर काढले. वर दोन हजार गिनी मागितल्या. लेलँड यांनी निम्मे पैसे दिले आणि तेही गिनींऐवजी पौंडांत, म्हणजे दर गिनीमागचा एक शिलिंग कापून घेतला. तेव्हा व्हिसलर यांनी त्यांच्याच भिंतीवर दोन भांडणारे मोर रंगवले. एक उर्मट, फुगलेला, आणि त्याच्या पायांशी चांदीची नाणी विखुरलेली. अपमान याहून उघड असू शकत नाही. लेलँड पुढे पंधरा वर्षे, १८९२ मध्ये मरेपर्यंत, त्याच खोलीत त्या मोरांसमोर जेवले. त्यांनी ते पुसले नाहीत. हाताशी पैसा होता, रंगारी होते, राग तर होताच, तरी त्यांनी तिथे क्रीम रंगाचा एक हात मारला नाही. १९०४ साली अमेरिकन संग्राहक फ्रीअर यांनी ती अख्खी खोली विकत घेऊन अमेरिकेला नेली, आणि ती आज वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या नावाच्या संग्रहालयात उभी आहे.

आणि तुम्ही? तुमचा त्या द्राक्षवेलीने काय अपमान केला होता? त्या पक्ष्याने तुमचे काय घेतले होते? तुमच्याकडे एक शाबूत खोली होती. तिची धूळ मऊ कुंचल्याने झाडायची होती, खिडक्यांना पडदे लावायचे होते, आणि पश्चिमेच्या कोपऱ्यावरची तुंबलेली पन्हळ साफ करायची होती. पन्हळीचे मी तुम्हाला तीनदा लेखी कळवले होते. ती अजून तुंबलेलीच आहे. सोहळ्याच्या दिवशीच त्या कोपऱ्यात तुमच्या नव्या क्रीम रंगावर चहा सांडल्यासारखा पिवळा ओघळ उमटला होता आणि त्याच्यापुढे तुम्ही फुलांची कुंडी सरकवून ठेवली होती. कुंडीला पैसे होते, फलकाला होते, तीन हातांना होते. पन्हळीत हात घालणारा एक माणूस मात्र तुम्हाला परवडला नाही, कारण पन्हळ साफ केल्याचे छायाचित्र छापून येत नाही. ज्याला वर्खकाम कळते त्याला तुम्ही बोलावले नाही, कारण त्याने तुम्हाला थांबा म्हटले असते. तुम्हाला जुने काही नको होते. तुम्हाला चकचकीत हवे होते, ते तुम्ही केले आणि वर त्याला मूळ म्हणालात.

त्या दालनात एका जड आरशाच्या मागे हातभर जागा राहिली आहे. आरसा हलवायचा कंटाळा केल्यामुळे तिथे तुमचा ब्रश पोहोचला नाही. चौकटीच्या कडेला गाल टेकवून आत पाहिले की गडद हिरवी भिंत दिसते, तिच्यावर वर्खाची एक करंगळीएवढी रेघ दिसते, आणि रेघेच्या खालच्या टोकाला रंगाऱ्याच्या बोटाचा जुना ठसाही दिसतो. दालनात आरसे अकरा आहेत. त्यातला तो कोणता, हे मी इथे लिहिणार नाही.