परसातलं अंडं पंधरा रुपयांना कसं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

परसातल्या अंड्यांच्या भावावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेल्या प्रतिक्रियेत तीन मुख्य आक्षेप आहेत. एनईसीसीचा (राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा) भाव सहा रुपयांच्या आसपास असताना घरच्या अंड्याला पंधरा रुपये घेणं ही लूट आहे, हा पहिला. परसातली कोंबडी किडे-खरकटं खाऊन फुकट जगते, मग खर्च कसला, हा दुसरा. आणि तपकिरी अंडं ‘गावठी’ म्हणून विका असं सांगणं ही फसवणूक आहे, हा तिसरा.

तिसरा आक्षेप शंभर टक्के मान्य. मूळ लेखातला तो शब्द चुकला होता, तो बदलला आहे. त्याबद्दल पुढे लिहितोच. पण पहिले दोन मान्य नाहीत, कारण हिशोब तसं सांगत नाही.

एनईसीसीचा भाव शेकड्यावर निघतो आणि तो घाऊक असतो. तो पिंजऱ्यातल्या लेयर, म्हणजे खास अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीचा भाव आहे. ती वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते आणि दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते, म्हणजे एका अंड्यामागे सव्वाशे-एकशे तीस ग्रॅम खाद्य. आता परसातल्या दहा ग्रामप्रिया (परसात पाळायची संकरित जात) घ्या. त्याही रोज 110 ग्रॅमच खातात, पण घरगुती व्यवस्थेत वर्षाला 180 अंडी मिळाली तरी बरं म्हणायचं. दहा कोंबड्यांचं वर्षाचं खाद्य होतं 401 किलो आणि अंडी 1800. अंड्यामागे जवळजवळ 223 ग्रॅम. सगळा फरक इथेच आहे. त्यात पोल्ट्रीवाला मका-सोया टनावर घेतो, आपण 50 किलोची गोणी दुकानातून उचलतो.

लेयर खाद्य 36 रुपये किलो धरलं तर अंड्यामागे आठ रुपये नुसत्या खाद्याचे झाले. खुराड्याला सहा हजार रुपये लागले आणि ते पाच वर्षं टिकलं, तर अंड्यामागे सुमारे 65 पैसे. तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) विकत घेतल्याची किंमत आणि म्हातारी कोंबडी विकून येणारे पैसे यांतली तूट, मुंगसाने किंवा मानमोडी रोगाने गेलेली एखाददुसरी धरून, 70 पैसे. लस, जंताचं औषध, शिंपल्यांचा चुरा मिळून 35 पैसे. कागदी डबा रुपया-सव्वा रुपया. फुटलेली आणि न खपलेली मिळून पाच टक्के. बेरीज साडेअकराच्या घरात जाते. रोजची अर्धा तास झाडलोट आणि पाणी यात धरलेलंच नाही. ताशी 60 रुपये मजुरी लावली तर अंड्यामागे आणखी सहा रुपये चढतात आणि आकडा सतराच्या पुढे जातो. म्हणजे पंधराला विकणारी बाई स्वतःच्या मजुरीतले पैसे सोडून देते आहे. याला लूट कसं म्हणायचं?

‘फुकट खाते’ ही समजूत खऱ्या गावठी कोंबडीवरून आली आहे. ती दिवसभर उकरते, तिला वरून 40 ग्रॅम ज्वारी-तांदळाची कणी पुरते. पण वर्षभर टाकलेली ती कणी 14-15 किलो होते. किलोला 25 रुपये लावले तर 365 रुपये. आणि ती अंडी देते साठेक. दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक बसते, मग 21 दिवस उबवण, मग पिल्लं. सगळं वर्ष असंच जातं. सहा रुपयांचं धान्य तिच्याही अंड्यात आहे. घरच्या शेतातली ज्वारी असेल तर ती फुकट समजू नका. ती बाजारात ज्या भावाने गेली असती तो भाव वहीत लिहा.

आता नावाचं. कवचाचा रंग जातीवर ठरतो, कोंबडी मोकळी फिरते की पिंजऱ्यात बसते यावर नाही. पिंजऱ्यातल्या तपकिरी लेयरचं अंडंही तपकिरीच निघतं, आणि पांढरं अंडं चहाच्या पाण्यात बुडवून ‘गावरान’ म्हणून खपवणारेही आहेत. बलकाचा गर्द रंग हिरवा चारा, लसूणघास, पिवळा मका यांतून येतो. त्यावरून अंडं जास्त पौष्टिक ठरत नाही, म्हणून औषधी गुणांचे दावे करूच नयेत. ग्रामप्रियाचं अंडं असेल तर डब्यावर तसंच लिहावं: ‘घरच्या कोंबड्यांची अंडी, जात ग्रामप्रिया’, खाली गोळा केल्याची तारीख. गावठी अंडं भरतं 40 ग्रॅमच्या आसपास, ग्रामप्रियाचं पंचावन्नच्या पुढे. डझनाचं वजन एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा आणि दोन्हींचा भाव वेगळा ठेवा.

तारीख लिहिणं हा ‘शहरी थाट’ आहे असंही तुम्ही म्हणता. एप्रिल-मेच्या उन्हात तीच तारीख गिऱ्हाइकाला वाचवते. कळपात कोंबडा असेल तर अंडं फलित असतं, आणि 27 अंशांच्या पुढे त्यात गर्भ वाढू लागतो. फोडल्यावर रक्ताची जाळी दिसली की ते घर पुन्हा तुमच्याकडे येत नाही. खाण्याची अंडी विकायची असतील तर कोंबडा ठेवूच नका, त्याच्यावाचून कोंबडी अंडी देते. दिवसातून दोनदा गोळा करा, रुंद टोक वर ठेवा, उन्हाळ्यात आठवड्याच्या आत विका. अंडी धुऊ नका. कवचावरचं संरक्षक आवरण निघून जातं, आणि थंड पाण्याने धुतलं तर छिद्रांतून घाण आत ओढली जाते. हलका डाग बारीक पॉलिश पेपरने कोरडाच काढावा, जास्त माखलेलं घरात खावं. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं, त्यात कोरडा भाताचा तूस किंवा पेंढा, एवढं केलं तर माखलेली अंडी मुळात कमीच निघतात. अँटिबायोटिक चालू असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत अंडी विकायचीच नाहीत, फुकटही द्यायची नाहीत.

‘श्रावणात तरी भाव पाडा’ ही तुमची सूचना मात्र धोक्याची आहे. गटारी उलटली की मागणी बसते हे खरं, पण पाडलेला भाव दिवाळीनंतर वर नेताना प्रत्येक घरी वाद होतो. त्यापेक्षा आधीच चार आठवडे रोजची अंडी वहीत मांडा, घरची गरज वजा करा आणि सर्वांत कमी निघालेल्या आठवड्याएवढाच रतीब लावा. मग श्रावणात तुंबतात ती थोडीच. कोंबड्या गावठी असतील आणि कोंबडा असेल तर खुडूक कोंबडीखाली आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी ठेवा. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर धरा, रिकामी निघतील ती काढा. पिल्लं पावसात निघणार, तेव्हा खालचा तूस ओला राहू देऊ नका, नाहीतर रक्ती हगवण लागते. ग्रामप्रियाची अंडी मात्र उबवणीसाठी विकू नयेत. ती संकरित आहे, पुढच्या पिढीत तेवढी अंडी मिळत नाहीत.

थंडीत उलटं होतं: मागणी चढते, अंडी घटतात. दिवस अकरा तासांवर येतो, कोंबडीला चौदा तास उजेड लागतो. पहाटे खुराड्यात एक छोटा एलईडी दिवा लावा. वेळ दर आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवा, एकदम नको. तलंगांना तो उजेड देऊ नका, लवकर अंड्यावर आल्या तर अंडी लहान पडतात आणि बूड बाहेर येण्याचा त्रास होतो.

तुम्ही योग्य भाव म्हणून दहा रुपये सुचवलेत. कोंबड्या खरोखर मोकळ्या फिरत असतील, खाद्य निम्म्यावर येऊनही अंडी घटत नसतील आणि शेजारी स्वतःचा डबा घेऊन येत असेल, तर दहा रुपये परवडतात. तुमच्याकडे दिवसाला खाद्य किती किलो जातं आणि महिन्याला अंडी किती निघतात, एवढे दोन आकडे इथेच लिहा. आपण तुमचा भाव काढून पाहू.