देवांच्या बागेतला हमाल

कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये राहण्याचे फायदे पुष्कळ आहेत. तोटा एकच आहे, आणि तो तांबड्या रंगाचा आहे.

आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर ‘गार्डन ऑफ द गॉड्स’ आहे. देवांची बाग. बाग म्हणजे गुलाबाचे वाफे नव्हेत. जमिनीतून ताठ वर आलेल्या तांबड्या दगडांच्या भिंती, त्यांतल्या काही तीनशे फूट उंच. प्रवेश फुकट. हा शेवटचा शब्द पाहुण्यांच्या कानावर ते भारतातून निघायच्या आधीच पोहोचलेला असतो. सात वर्षांत मी ही बाग एकतीस वेळा पाहिली आहे. त्यांत दोनदाच कुणी पाहुणा सोबत नव्हता, आणि त्यातल्याही एका खेपेला मी पाहुण्याची राहिलेली टोपी शोधायला गेलो होतो.

बत्तिसाव्या खेपेला बायकोचे, म्हणजे मुक्ताचे, नानाकाका आणि काकू आले. काका मूळचे राजापूरकडचे, वय एकाहत्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यामुळे निसर्गाकडे ते कंत्राटदाराने नुकत्याच संपवलेल्या कामाकडे पाहावं तसं पाहतात. नायगारा पाहून त्यांनी ‘विसर्ग बरा आहे’ एवढंच म्हटलं होतं.

आदल्या रात्री मी माझं नेहमीचं भाषण दिलं. उद्या भरपूर पाणी प्यायचं, सावकाश चालायचं, इथली हवा विरळ असते, समुद्रसपाटीपेक्षा वीसेक टक्के कमी, त्यामुळे नव्या माणसाला धाप लागते. मला सवय झाली आहे, पण तुम्ही जपा. हे ‘मला सवय झाली आहे’ मी किंचित छाती काढून म्हणतो.

“जावईबापू,” काका म्हणाले, “मी कळसूबाई तीनदा चढलोय.”

“काका, कळसूबाई ५,४०० फूट. उद्या आपण गाडी लावणार ती जागाच ६,४०० फुटांवर आहे.”

काका क्षणभर गप्प झाले. “म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर हजार फूट चढून तुम्ही पार्किंग केलंय?”

“हो.”

“पैसे पडतात?”

“फुकट आहे.”

“मग असू दे.”

सकाळी सातला निघायचं ठरलं होतं. उन्हाळ्यात तिथे दहाच्या आत गाड्यांच्या जागा भरून जातात आणि दुपारनंतर विजा कडाडतात, हे मी तीन वेळा सांगितलं होतं. पण आंघोळ, पूजा, नाश्ता आणि ‘आता निघतोच आहोत तर अर्धा अर्धा कप’ अशा टप्प्यांनी आम्ही पावणेदहाला दाराबाहेर पडलो. मुक्ताला ऐन वेळी ऑफिसची मीटिंग निघाली. शनिवार होता. पाहुणे आणि तांबडे दगड एका दिवशी आले की तिची मीटिंग निघतेच. हा योग मी पूर्वीही पाहिला आहे.

पार्किंगमध्ये मी घारीसारखा घिरट्या घालत होतो. किल्ली हातात घेतलेली एक बाई दिसली. तिच्यामागे मी गाडी इतकी हळू नेली की तिने दोनदा वळून पाहिलं. ती गाडीशी पोहोचली, दार उघडलं, आतून सनस्क्रीनची ट्यूब काढली आणि परत निघून गेली.

“तिला विचारा, अजून किती वेळ आहे,” काकू मागून म्हणाल्या.

चाळीस मिनिटांनी जागा मिळाली. सॅक मी घेतली. तिच्यात चार बाटल्या पाणी, काकूंचा दडप्या पोह्यांचा डबा, भाजलेले शेंगदाणे, दोन छत्र्या, दोन स्वेटर, काकांची दुर्बीण आणि ‘असू द्यावी’ म्हणून घेतलेली एक सतरंजी.

पहिली वाट मधली, पर्किन्स ट्रेल. सिमेंट केलेली, जेमतेम दीड मैल, चढ तीस फुटांहूनही कमी, व्हीलचेअरसुद्धा आरामात जाते. काकांनी बूट आपटून पृष्ठभाग तपासला, कडेची गटारं पाहिली, उताराचा अंदाज घेतला आणि चेहरा पाडला. “जावईबापू, हा तर जॉगर्स पार्क झाला.” मग पहिल्या भिंतीशी थांबून त्यांनी दगडावर टिचकी मारली.

“जांभा.”

“नाही काका, हा वाळूचा खडक. इथे आधी एक जुनी डोंगररांग होती. ती झिजून तिची वाळू आणि गोटे इथे साचले. ३० कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट.”

“देव तेहतीस कोटी आणि वर्षं तीसच?” काकू म्हणाल्या. “तीन कोटी देवांची आबाळ झाली म्हणायची.”

“लाल कशाने?” काकांनी विचारलं.

“लोखंडाने. म्हणजे एका अर्थी गंजच तो.”

“मग जांभाच की! आमच्याकडे याचे चिरे काढून कुंपणाला गडगे घालतात. एवढं विमानाचं तिकीट काढून तुम्ही आम्हाला गडगा दाखवायला आणलंत.”

जांभा आणि हा खडक यांच्या जन्मकथा किती वेगळ्या, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. राजापूरच्या माणसाला जांभ्याबद्दल काही शिकवू नये, हा धडा मी लग्नाच्या बैठकीतच घेतलेला आहे. मी विषय बदलला. हे थर मुळात आडवे होते, आताचे रॉकी पर्वत वर उचलले गेले तेव्हा ते कलंडून उभे राहिले. आणि ही उलथापालथ चालू होती त्याच सुमाराला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडे लाव्हाचे थरावर थर पडून सह्याद्रीचा दगड तयार होत होता, असं सांगितलं.

काका खूश झाले. “म्हणजे आपलं काम ओतीव. यांचं नुसतं टेकवून उभं केलेलं.”

पुढे एका भिंतीच्या माथ्यावर दोन उंटांची तोंडं एकमेकांना भिडल्यासारखा आकार आहे. त्याला इथे ‘किसिंग कॅमल्स’ म्हणतात. प्रत्येक पाहुण्याला तो दाखवावाच लागतो, आणि सासरच्या वडीलधाऱ्यांना दाखवताना मराठी भाषा अचानक अपुरी पडते. “ते बघा, उंट,” मी म्हणालो. “काय करताहेत?” काकूंनी विचारलं. “गप्पा मारताहेत,” काका म्हणाले. त्यांना इंग्रजी पाटी वाचता आली होती. त्या सबंध दिवसात माझी बाजू घेऊन ते बोलले असतील तर तेवढंच.

बागेला देवांचं नाव कसं पडलं, हा माझ्या कार्यक्रमातला हमखास टाळ्यांचा भाग. १८५९ साली बीच आणि केबल नावाचे दोन भूमापक इथे आले. बीच म्हणाला, इथे बिअर गार्डन काय झकास होईल! केबल म्हणाला, छे, ही तर देवांनी जमावं अशी जागा. तेव्हापासून गार्डन ऑफ द गॉड्स. पुढे एका रेल्वे कंपनीच्या पर्किन्स नावाच्या अध्यक्षाने ही जमीन विकत घेतली, पण घर बांधलं नाही, येईल त्याला फिरू दिलं. जागा लोकांसाठीच राहावी असं त्याच्या मनात होतं. पण तशी लिखापढी करायच्या आधीच, १९०७ साली तो वारला. १९०९ मध्ये त्याच्या मुलांनी ४८० एकर जमीन शहराला देऊन टाकली. अटी घातल्या: बाग कायम फुकट राहील आणि इथे दारू विकली जाणार नाही. म्हणजे बीचची बिअर गार्डनही कायमची बुडाली.

इथे लोक हसतात. काका हसले नाहीत.

“थांबा. बापाने कागद केला नव्हता?”

“नाही.”

“नुसतं मनात होतं?”

“हो.”

“आणि मुलांनी दिली? ४८० एकर?”

“दिली.”

“सगळ्यांनी सह्या केल्या? कुणी हरकत घेतली नाही?”

काका मटकन कठड्यावर बसले. मला वाटलं, विरळ हवेने अखेर हिसका दाखवला. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली. काकूंनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि हळूच सांगितलं: राजापूरची अकरा गुंठे जागा, एक फणस आणि अर्धी विहीर यांवरून काकांचा चुलतभावांशी सव्वीस वर्षं दावा चालू आहे. त्यात आजोबांचा कागद आहे. सातबारा आहे. मोजणी तीनदा झाली आहे. फणसाने मात्र मध्येच अंग काढून घेतलं. तो चौदा वर्षांपूर्वी वादळात पडला.

काका उठले, भिंतीजवळ गेले आणि दगडावर तळवा ठेवून उभे राहिले. आजूबाजूचे लोक फोटो काढत होते. मी एकोणतीस पाहुण्यांच्या खेपांना ही गोष्ट सांगितली होती, पण तिच्यातला विनोद त्या बिअरमध्ये नसून सह्यांमध्ये आहे हे मला कधी कळलं नव्हतं.

“फुकट आहे ते बरोबर आहे,” काका परत येत म्हणाले. “याला तिकीट लावणं पाप झालं असतं. चला, आता खरी वाट दाखवा.”

वाटेत बॅलन्स्ड रॉक लागला. एका टोकावर तोलून उभी असलेली सातशे टनांची शिळा. तिथे जगातला प्रत्येक माणूस शिळा खांद्याने ढकलत असल्याचा फोटो काढतो. एके काळी तिथल्या जागामालकांनी कुंपण घालून फोटोचे पैसे घ्यायला सुरुवात केली होती. शेवटी १९३२ साली शहराने ती जागा विकत घेतली. हे ऐकून काका म्हणाले, “हे मात्र आमच्या चुलतभावांसारखे,” आणि शिळा ढकलायला नकार दिला.

खरी वाट म्हणजे सायमीज ट्विन्सची. मैलभराचा फेरा, पायाखाली माती आणि खडी, दीडेकशे फुटांचा चढ. वर दोन जुळ्या सुळक्यांमध्ये खिडकी आहे, तिच्यातून पाइक्स पीक हे शिखर दिसतं, १४,११५ फूट. सुरुवातीलाच पाटी: रॅटलस्नेक जातीचे साप असू शकतात, वाट सोडू नका.

काकूंनी ताबडतोब ‘आस्तिक, आस्तिक’ सुरू केलं. लहानपणी कोकणात दिवेलागणीला ऐकलेला तो जप निवडुंग आणि ज्युनिपरच्या झुडपांमधून निघाला. समोरून येणारे लोक ‘हाय, हाउ आर यू’ म्हणत, आणि काका थांबून खरंच कसे आहेत ते सांगत. उजवा गुडघा, साखर, आणि रक्तदाबाच्या गोळीने आलेला खोकला. टेक्ससकडचं एक जोडपं सहा मिनिटं ऐकत राहिलं.

मी पुढे होतो. चढावर चालता चालता डाव्या हाताला हे, उजव्या हाताला ते, असं सांगतही होतो. तिसऱ्या वळणावर माझं वाक्य क्रियापदाच्या आधीच संपलं. पुढच्या वाक्यात नुसता कर्ता उरला. छातीत भाता चालू होता. पाठीवर सतरंजी. गेल्या सात वर्षांत मला ज्या उंचीची सवय झाली होती ती माझ्या ऑफिसच्या खुर्चीची, हे मला तिथे उमगलं.

“बसता का जरा, जावईबापू?” मागून काकांचा आवाज आला. तो त्यांच्या नेहमीच्या आवाजासारखाच होता, हे मला फार लागलं.

“नाही, फोटोसाठी थांबलो,” एवढं मी चार हप्त्यांत म्हणालो, ऐटीत पुढे पाऊल टाकलं, आणि दगडावरच्या बारीक खडीने ते पाऊल माझ्या परवानगीशिवाय पुढे नेलं. मी बसलो. बसल्या बसल्या सात-आठ फूट खाली आलो आणि काकूंच्या पायाशी थांबलो. काकूंनी आस्तिक थांबवून माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

काकांनी मला उठवलं. सॅक स्वतःच्या खांद्याला लावली. “चिऱ्यावर टाच टेकवायची नसते, चवडा टेकवायचा,” एवढंच म्हणाले, आणि खिडकीपर्यंत दोनदा मागे वळून माझ्यासाठी थांबले. वर पोहोचल्यावर पाइक्स पीकवर ढग जमलेले दिसले. आम्ही दडपे पोहे सतरंजीवर बसून खाल्ले. सतरंजी कशाला, असं मी पुन्हा कधी विचारणार नाही. परत येताना गडगडायला लागलं आणि शेवटची शंभर पावलं काकू माझा हात धरून चालल्या. माझ्यासाठी, त्यांच्यासाठी नव्हे.

ती पँट तीन वेळा धुतली. मागचा तांबडा ठसा गेला नाही.

काका-काकू ठाण्याला पोहोचले त्या दिवशी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काकांचा मोठा मजकूर आला. नायगाऱ्यावर एक ओळ, न्यूयॉर्कवर अर्धी. देवांच्या बागेवर मात्र अकरा ओळी: पर्किन्सची मुलं, ४८० एकर, सह्या. ग्रुपमध्ये तिन्ही चुलतभाऊ आहेत. त्यांच्यापैकी कुणीच काही बोललं नाही. खाली ताजा कलम होता: “जावईबापूंनी फार केलं. फक्त त्यांना थोड्याशा चढावर धाप लागते, कुणीतरी लक्ष घाला.”

त्याला सत्तावीस हात जोडलेले आले. पहिले मुक्ताचे.