ब्रँडशी सोयरीक कशी जमवावी: खान्देशी ब्लॉगरांसाठी फुकट मार्गदर्शन

तुम्ही ब्लॉग सुरू केलाय, नावात 'खान्देशी' टाकलंय (टाकलंच असेल, त्याशिवाय चालतंय कुठे), प्रोफाइलवर 'फूड, ट्रॅव्हल, लाइफस्टाइल, कोलॅबसाठी मेसेज करा' लिहून झालंय आणि आता ब्रँड कधी येतो याची वाट बघत बसलाय. एकदम बरोबर चाललंय. एमआयडीसीत चटईच्या कंपनीत पाळ्या करणारे मित्र हसतील, हसू द्या, त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, त्यांना या धंद्यातली मजा काय कळणार.

फॉलोअर्सचं टेन्शन घेऊ नका. सुरुवातीला निम्मे तुमच्या भावकीतले असतात आणि उरलेले भुसावळ-चोपड्याकडचे दुसरे फूड ब्लॉगर, जे तुम्हाला लाईक देतात कारण तुम्ही त्यांना देता. ब्रँडला पाठवायचं माहितीपत्रक, म्हणजे मीडिया किट, बनवताना यालाच 'हायपरलोकल, लॉयल ऑडियन्स' लिहायचं. खोटं काहीच नाही त्यात, मावशी लॉयलच असते.

पहिलं कोलॅब हायवेवरच्या हॉटेलचं मिळेल. मोबदला म्हणजे एक शेवभाजी, दोन भाकरी, ताक. मालक समोर उभा राहून 'कशी शे भाजी, भाऊ?' विचारेल तेव्हा तिखटाने नाक गळत असलं तरी डोळे मिटून मान हलवायची आणि 'लाजवाब' म्हणायचं. शेव लगदा झालेली असो की रश्शावर तेलाऐवजी नुसता रंग तरंगत असो, शब्द एकच, लाजवाब. स्वतःचं मत असेल तर ते घरी ठेवून या, या धंद्यात त्याला भाव नाही आणि एकदा चुकून खरं बोललात की धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत कुठलाच मालक फुकटचं ताकसुद्धा पाजणार नाही.

मग एक दिवस मुंबईच्या एजन्सीचा मेल येतो, 'हाय डिअर' ने सुरू होणारा. खाद्यतेलाचा ब्रँड आहे, हिवाळ्याचं कॅम्पेन आहे, 'ऑथेंटिक जळगावचं भरीत' पाहिजे. एक रील, तीन स्टोऱ्या, एक ब्लॉगपोस्ट, सहा महिने तुमचा व्हिडिओ कुठेही वापरायचा त्यांना हक्क आणि तीन महिने दुसऱ्या कुठल्या तेलाचं नाव तोंडातून काढायचं नाही. बजेट टाइट आहे पण एक्सपोजर भरपूर. लगेच हो म्हणा. रेट विचारणारे ब्लॉगर ब्रँडला 'डिफिकल्ट' वाटतात.

आता हिवाळ्याचं कॅम्पेन म्हटलं की शूट ऑक्टोबरात, कारण अप्रूव्हलला वेळ लागतो. ऑक्टोबरात जळगावात काय ऊन असतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तरी स्वेटर घाला, शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ करा आणि त्याच्यासमोर बसून 'या गुलाबी थंडीत...' अशी सुरुवात करा. घाम आला तर एडिटमध्ये जातो. भरताची खरी वांगी थंडीबरोबर येतात, त्यामुळे ओळखीपाळखीने आसोद्याकडून कुठून तरी चार मिळवाल, ती हिरवट, पांढऱ्या रेघांची, हातात मावत नाहीत अशी, ज्यांना २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तीच. फोटो पाठवाल. तासाभरात उत्तर येईल, 'डिअर, वांगी कच्ची दिसतायत, पर्पलवाली नाहीत का? फ्रेममध्ये पॉप होत नाहीये.' इथे वाद घालायचा नाही. जीआय वगैरे काढायचं नाही. 'शुअर मॅम' लिहायचं आणि मार्केटला जाऊन जांभळी आणायची.

तेलाचं मात्र जपून. घरी आई भरताला घाण्यावरचं शेंगदाण्याचं तेल कसं सोडते ते विसरा, स्क्रिप्टमध्ये 'फक्त एक चमचा' आहे. एक चमचा तेलात भरीत! हे ऐकून आजी मध्ये बोलणारच, म्हणून शूटच्या दिवशी तिला शेजारी पाठवा, कॅप्शन तर 'आजीची पारंपरिक रेसिपी' हेच आहे पण त्यासाठी आजी हजर असायची काही अट नाही. बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, वांगी ठेचतानाचा आवाज तेवढा नीट रेकॉर्ड करा, एजन्सीला तो फार आवडतो, अख्ख्या व्हिडिओत तेवढंच खरं असेल. आणि कांद्याची पात, लसूण, मिरची घालून झाल्यावर जे तयार होईल ते खाऊ नका, कॅमेऱ्याकडे बघून फक्त घास तोंडाजवळ न्या, पुढे कट आहे.

हां, कायद्याचं थोडं. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेली पोस्ट ही जाहिरात आहे असं स्पष्ट लिहायचं, हे जाहिरातवाल्यांच्याच एएससीआय या संस्थेने २०२१ मध्येच सांगितलंय, तेही इंग्रजीत किंवा जाहिरातीच्याच भाषेत आणि हॅशटॅगच्या गर्दीत न लपवता. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानेही मार्गदर्शन काढलं, त्यात तर जी वस्तू स्वतः वापरली नाही तिची शिफारस करू नका असलं काहीतरी भयंकर आहे. दिशाभूल केली तर दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केली तर पन्नास. पण तुम्ही घाबरू नका, परंपरेप्रमाणे चालतील तेवढे हॅशटॅग टाका, 'खान्देश' आणि 'भरीतलव्हर' च्या मध्ये कुठेतरी 'पार्टनरशिप' ठेवून द्या. भावकीत कोण वाचतंय. लग्नात काकू बाजूला घेऊन 'ते तेल खरंच चांगलं आहे का रे?' विचारेल, तर सरळ सांगा, लिंक बायोत आहे. तिने ते तेल विकत घेतलं तर तुम्हाला कमिशन आहे, आणि काकूकडून कमावलेला पैसा घरातच राहतो म्हणतात.

एक सूचना मात्र मनापासून देतो. रमी आणि सट्ट्याच्या अ‍ॅपवाले जास्त पैसे देतात, त्यांच्या नादी लागू नका, कारण ऑगस्ट २०२५ च्या कायद्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि जेलमध्ये रेंज नसते.

आता कमाई. बऱ्याचदा ती बार्टर असते, म्हणजे वस्तू घ्या आणि पोस्ट टाका. समजा साठ हजारांचा फोन आला. गल्लीत मिरवा, जरूर मिरवा. पण फोन तुम्ही ठेवून घेतला की जुलै २०२२ पासूनच्या नियमाने ते तुमचं उत्पन्न धरतात, वर्षाला वीस हजारांच्या वर गेलं की किमतीच्या दहा टक्के टीडीएस, आणि वस्तूतून टॅक्स कापता येत नाही म्हणून कंपनी बहुतेक तुम्हालाच म्हणणार, आधी सहा हजार भरा. म्हणजे फुकटच्या फोनसाठी सहा हजार उसने मागायची वेळ. परत केला तर टॅक्स नाही, पण मग मिरवणार काय?

रोख पैशांचं म्हणाल तर इन्व्हॉइस पाठवल्यापासून साठ दिवस, ते नव्वद होतात, मध्येच ज्या मुलीने 'हाय डिअर' लिहिलं होतं ती नोकरी सोडून जाते आणि तिच्या जागी आलेला मुलगा विचारतो की कुठलं कॅम्पेन. एजन्सीचा कट जातो, टीडीएस जातो. घरी समजावून सांगायला त्रास पडेल असं वाटत असेल तर तसं काही नाही, विशेषतः रावेर-यावलकडे केळी असेल तर. बुऱ्हाणपूरचा भाव, त्यातून व्यापाऱ्याची कापाकापी, गाडी भरून गेल्यावर फोन न उचलणारा माणूस, हे बापाने तुमच्या आधी सगळं पाहिलेलं असतं. तो एवढंच विचारेल, 'माल गेला ना?' तुम्ही म्हणाल, गेला, रील टाकली. 'मंग पाय आता वाट.'