रोमचं कंबरडं 408 साली मोडलं

रोम कधी पडलं असं विचारलं की शाळेत घोकलेलं उत्तर येतं : इ.स. 476. ओडोएसर या जर्मानिक सेनापतीनं रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवलं आणि खेळ खल्लास. मला हे पटत नाही. 476 मध्ये पाडण्यासारखं उरलंच काय होतं? पश्चिम साम्राज्याचं कंबरडं 408 साली मोडलं, आणि मोडणारे रोमनच होते.

रोमन सम्राट थिओडोसियस 395 मध्ये वारला. पूर्व भाग थोरल्या मुलाकडे, अर्केडियसकडे गेला, पश्चिम भाग धाकट्या, दहा वर्षांच्या होनोरियसकडे. वाटणीनं साम्राज्य बुडालं असं म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की त्याच वाटणीतला पूर्वेचा हिस्सा 1453 पर्यंत कसा टिकला? वाटण्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या सम्राट डायोक्लेशियनच्या काळापासून होतच होत्या. घात केला दोन दरबारांच्या वैरानं.

पश्चिमेची सूत्रं सेनापती स्टिलिकोच्या हाती होती. बाप व्हँडल या जर्मानिक टोळीतला, आई रोमन. राजा अलारिकच्या गॉथ टोळ्यांना इटलीतून मागं रेटलं ते यानंच. पण पूर्वेची राजधानी कॉन्स्टँटिनोपल इथल्या दरबारानं त्यालाच राज्याचा शत्रू ठरवलं. इलिरिकमच्या (बाल्कन भागातल्या) प्रांतांवरून दोन्हीकडे ओढाताण चालूच होती. त्यात 406 च्या अखेरीस व्हँडल, अलन आणि सुएव्ह टोळ्या ऱ्हाईन नदी ओलांडून गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) घुसल्या.

अशा वेळी, 408 च्या ऑगस्टमध्ये, होनोरियसच्या दरबारानं पश्चिमेच्या राजधानीत, रॅव्हेनात स्टिलिकोचा शिरच्छेद करवला. होनोरियसचा हा सासरा! आरोप काय, तर म्हणे त्याला स्वतःच्या मुलाला पूर्वेच्या गादीवर बसवायचं होतं. त्यावरही भागलं नाही. रोमच्या फौजेत चाकरी करणाऱ्या परक्या टोळ्यांतल्या सैनिकांची बायकापोरं इटलीच्या शहराशहरांत कापून काढली. हे वाचताना आजही संताप येतो. ते सैनिक हजारोंच्या संख्येनं अलारिकला जाऊन मिळाले. दुसरं काय करणार होते?

अलारिकनं रोमला वेढा घातला आणि खंडणीत 5,000 पौंड सोनं, 30,000 पौंड चांदी आणि 3,000 पौंड मिरी उकळली. ही मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून समुद्रमार्गे तिकडे जायची. खंडणीनंही तह टिकला नाही, कारण दरबार तडजोडीला तयारच नव्हता. 410 मध्ये शहर लुटलं गेलं.

पुढचं सगळं उताराचंच. 439 मध्ये गायसेरिकच्या व्हँडलांनी कार्थेज घेतलं, उत्तर आफ्रिकेचं धान्य आणि महसूल गेला, आणि पगाराला पैसा नाही म्हटल्यावर फौज उभी राहीना. 468 मध्ये पूर्वेनं आफ्रिका परत घ्यायला प्रचंड आरमार पाठवलं, पण ते गायसेरिकनं जाळलं. ही मदत साठ वर्षं आधी, स्टिलिको जिवंत असताना यायला हवी होती. तेव्हा मात्र दोन्ही दरबार त्याचा काटा काढायच्या मागे होते.