गाडी आहे, पण ऐकू येत नाही

पुणेकर रस्ता कानांनी ओलांडतो. डोळे दुकानांच्या पाट्या वाचण्यात गुंतलेले असतात. त्यामुळे कोथरूडहून शनिवार पेठेत इलेक्ट्रिक बाईकवर ऑफिसला जाणारा मी लोकांच्या हिशेबी रस्त्यावर नसतोच. लक्ष्मी रोडला पिशव्या सावरत एक काकू मागे न बघता थेट समोर उतरल्या. मी करकचून ब्रेक दाबला.

"अहो, गाडीला आवाज तरी बसवून घ्या!"

पुढच्या काकूंना लांबूनच हॉर्न दिला.

"एवढं कोकलायला काय झालं?"

आता मी प्रत्येक पायाच्या हालचालीवर नजर ठेवून, बोटं ब्रेकवरच ठेवून जातो. पेठेतल्या कुत्र्यांना मात्र माझी गाडी दोन गल्ल्या आधी ऐकू येते.

गाडी छोटी आहे. मोटर २५० वॅटची, वेग जास्तीत जास्त ताशी २५ किलोमीटर. म्हणून लायसन नको, नंबरप्लेट नको, कायद्यानं हेल्मेटही नको. मी घालतो. पडल्यावर डोकं कुठल्या गाडीवरून आलंय याची चौकशी डांबर करत नाही. पण २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरलेलं हे शहर. इथे सक्ती नसताना हेल्मेट घालणाऱ्याकडे लोक फितुराकडे बघावं तसं बघतात. कर्वे रोडच्या सिग्नलला एका आजोबांनी काच खाली करून विचारलंच, "कोणी सांगितलंय का तुम्हाला?"

खरी परीक्षा घरी. पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट नाही, लिफ्ट नाही. बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर न्यायची. दाराजवळ चार्जिंगला लावायची नाही, कारण पेटलीच तर बाहेर पडायची वाट तीच. चार्जर कंपनीनं दिलेलाच, एक्स्टेंशन बोर्ड नाही, आणि आपण झोपलेले असताना तर मुळीच नाही. शिवाय बॅटरी तापलेली असताना लगेच प्लग लावायचा नाही. हा नियम बायकोला फार आवडला. "दोघंही ऑफिसातून तापून येता," ती म्हणते, "आधी गार व्हा, मग बघू."

पॉइंटसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. वेगळा मीटर, तारेची जाडी, एमसीबी म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच, सगळं कागदावर काढून नेलं होतं. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"ते सगळं ठीक आहे," ते म्हणाले, "पण भिंत काळी झाली तर रंगाचे पैसे कोण देणार?"